सहावा तुकडा

पनवेल
११ जानेवारी १९९९

चारुता,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाकीट जाड होतं, म्हणून प्रभाकरला वाटलं तू मस्कतचे फोटो पाठवलेस. उघडलं तर चार पानी पत्र आणि त्याला जोडलेलं सही-शिक्क्याचं निवेदन. तुमच्याकडे सगळे बरे असतील. इथे थंडी आहे, सासूबाईंचा खोकला तसाच आहे, ऑफिसला मी अडीच आठवडे कुलूप लावलं आहे. एवढी खुशाली पुरे.

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा मला तुझा राग आला आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त आला. तू लिहितेस, ‘चूक माझीच आहे, अरू. फाईल परत आली हे मला कळलं होतं. फोन वाजत राहिला, तू साइटवर असशील असं मी धरून चालले. आणखी प्रयत्न करायला हवे होते.’ आणि शेवटी, ‘तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.’

त्रास करून घ्यायचा की नाही हे तू मस्कतहून ठरवणार का?

निवेदन तर मला आता पाठच झालं आहे. ‘श्री. बुधाजी यांच्या खांदा कॉलनीतील बंगल्याचे डिझाइन मी केले होते. बाल्कनी चार फुटांऐवजी सहा फुटांची करण्याचे ठरल्यावर सुधारित ड्रॉइंग वेळेत पोचवण्याची जबाबदारी माझी होती. ते पोचले नाही. तरी साइटवरील इंजिनियर सौ. अरुंधती यांना दोषी धरू नये.’ प्रभाकर म्हणाला, ‘तिने तुला वाचवलं. ती परदेशात आहे, तिला इथे कोण काय करणार आहे? दे हा कागद नेऊन.’ त्याला वाटलं मी खूश होईन. मी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. दोन दिवस आमचं बोलणं नाही.

तू नेहमी अशीच वागलीस. कॉलेजात वर्कशॉपमध्ये मी घासलेला लोखंडी जॉब वाकडा आला तेव्हा तू तुझा देऊन टाकलास आणि सरांना सांगितलंस की वाकडा तुझा आहे. तुला दहा मार्क कमी पडले तरी तू वर्गात पहिली होतीस. मला मिळालेले मार्क तुझे होते हे पुढची दोन वर्षं मी विसरू शकले नाही. तू विसरलीस. देणाऱ्याला विसरणं सोपं असतं.

मग आपण पनवेलला ऑफिस काढलं. पाटीवर दोघींची नावं, तुझं आधी, कारण अक्षरानुक्रमाने तसं येतं असं तू म्हणालीस. येत नाही, चारुता. ‘अ’ आधी येतो. मी तेव्हा हसले होते. तीन वर्षांनी तू सत्यजीतशी लग्न करून मस्कतला गेलीस आणि म्हणालीस, ‘काहीच बदलणार नाही. मी तिथून डिझाइन करीन, तू इथे साइट बघ. आता इंटरनेट आहे.’

हे इंटरनेट तू बघितलंस ते सत्यजीतच्या ऑफिसमधलं. माझं तुला सांगते. टेलिफोनच्या वायरीला मोडेम लावायचा, तो घशात काही अडकल्यासारखा खाकरणार, चौथ्या-पाचव्या वेळी जोडणार, आणि चांगलं काही उतरत असेल तेव्हा लाईन तुटणार. तू आर्किटेक्टचा स्कॅन केलेला नकाशा ड्रॉइंगच्या मागे तसाच ठेवायचीस, म्हणून साध्या बंगल्याची फाईल पाच मेगाबाइटच्या वर जायची. माझ्या मेलची पेटी दोन मेगाबाइटची. मी दहा वेळा म्हटलं, तो नकाशा काढून टाक. तू म्हणायचीस, ‘राहू दे गं, संदर्भ लागतो.’

आपण काय काय करून बघितलं आठवतं? फॅक्स केलास, त्यात सळ्यांच्या जागी नुसते काळे डाग आले. सीडी कुरियरने पाठवलीस, ती नऊ दिवसांनी आली आणि तोवर फळ्या-टेकू लावणारा सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटवर निघून गेला. मग सत्यजीतने त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा दिली. तू तिथे फाईल ठेवायचीस, मी इथून ओढून घ्यायची. एकदा ऐंशी टक्के उतरली आणि लाईन तुटली, की पुन्हा पहिल्यापासून. तेही त्याच्या साहेबाने बंद केलं. शेवटी तुकडे. तू फाईलचे सहा तुकडे करायचीस, दोन-दोन पाठवायचीस. मी दोन उतरवायचे, पेटी रिकामी करायची, मग पुढचे दोन. सहाही आले की ते जोडून फाईल उघडायची. एक जरी नसला तरी पाचांचा काही उपयोग नाही.

आणि आयएसडी परवडत नाही म्हणून ती खूण. तू दोन घंट्या वाजवून फोन ठेवलास की समजायचं, तुकडे पाठवलेत. ठेवला नाहीस, वाजत राहिला, तर उचलायचा, कारण बोलायचं आहे.

ही खूण तू तुझ्या चार पानांत कुठेच लिहिली नाहीस. मला वाटतं मुद्दामच लिहिली नाहीस.

आता दिवाळीबद्दल. तू महिनाभर पुण्याला होतीस आणि पनवेलला यायला तुला वेळ झाला नाही, म्हणून मी आले. तुझ्या सासरी फराळाला पंधरा-वीस माणसं होती. तुझ्या नणंदेने विचारलं, ह्या कोण? तू ताटात करंजी वाढत होतीस, वर न बघता म्हणालीस, ‘ही अरुंधती. पनवेलला असते. माझं ड्राफ्टिंग करते.’

तुला हे आठवतही नसणार. मी तीच परीक्षा पास झाले आहे जी तू झालीस. माझ्याकडे तोच परवाना आहे. त्या बंगल्याचा पाया खणताना कमरेएवढ्या चिखलात मी उभी होते, तू नव्हतीस. परतीच्या एसटीत मी ठरवलं, की यापुढे प्रत्येक गोष्ट तुला विचारून करायची नाही.

नोव्हेंबरात रंभाबाई साइटवर आल्या. बुधाजींची बायको, उरणकडच्या मिठागरांवर आयुष्य काढलेली बाई, तळपायाला अजून भेगा आहेत. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर स्वतःचं पक्कं घर होतंय याचं त्यांना फार अप्रूप. सेंट्रिंगवर चढून बाल्कनीच्या जागेकडे बघत म्हणाल्या, ‘बाय, ही खोपटी हाय का बाल्कनी? दोन बाया बसून तांदूळ निवडतील एवढी तरी पायजे.’ मी विचारलं, किती हवी? त्यांनी पावलं टाकून दाखवली. सहा फूट झाली. मी म्हटलं, होईल.

‘मजबूत होईल ना?’

‘हत्ती उभा राहील, रंभाबाई.’

हे मी बोलले. तुला विचारायच्या आधी बोलले. संध्याकाळी तुला मेल केली, तर तुझं उत्तर एका ओळीचं: ‘थांब. नवीन डिझाइन पाठवते. तोवर ओतू नकोस.’ जणू मी मुकादम आहे.

तुला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत बुधाजी रोज ऑफिसात येऊन बसायचे. फेब्रुवारीत दिपिकाचं लग्न, पोरीची वरात नव्या घरातून निघाली पाहिजे. ‘मॅडम, तुमची मैत्रीण नकाशा धाडनार कवा? मिक्सरवाला सुक्रवारी येतो बोलतो, न्हाय तर म्हैनाभर न्हाय.’ मी काय सांगणार होते? मी नुसतं ड्राफ्टिंग करते, असं?

तुझे तुकडे पंचवीस तारखेपासून यायला लागले. पहिले दोन आले. तिसरा-चौथा आला. पाचवा आला. सहावा पेटी भरली म्हणून परत गेला. बाल्कनी पडल्यावर मी तुला मेलमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘बाल्कनी पडली. तुझी फाईल पूर्ण आली नव्हती, माझ्या नणंदेने बाळाचे फोटो पाठवून पेटी भरली होती.’ चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही हेच सांगितलं, आणि वर मीच म्हणाले, ‘डिझाइन परदेशातल्या इंजिनियरचं आहे. तिच्याकडून वेळेत आलं नाही.’ त्यांनी तुझं पूर्ण नाव विचारलं. मी स्पेलिंगसकट सांगितलं.

हे तुला माहीत नव्हतं. मी तुझं नाव देऊन बसले होते, आणि वर तुझं हे निवेदन आलं. मी जे खोटं बोलले तेच तू खरं म्हणून सही करून पाठवलंस.

माझी नणंद डोंबिवलीला राहते. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही. पेटीत तुझेच चौथा आणि पाचवा हे तुकडे होते. आधीचे तीन मी पुसले होते, हे दोन उतरवून घेतले आणि पुसले नाहीत. पुसायला एक मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, राहू दे. बघू, बाईसाहेबांची फाईल कशी पोचते ते.

मला तुझ्या फाईलशिवाय ते करून दाखवायचं होतं. कागद-पेन घेऊन मी स्वतः हिशेब मांडला. बाल्कनी दोन फूट वाढली तर किती भार, किती सळ्या. आकडे बरोबर आले, मी दोनदा ताडून बघितले. सळ्या जवळजवळ घ्यायच्या ठरवल्या, जवळपास दुप्पट. मला स्वतःचं कौतुक वाटलं. किती वर्षांनी मी कोणाच्या परवानगीशिवाय एक डिझाइन केलं होतं.

सव्वीस तारखेला, गुरुवारी, सकाळी अकराला फोन वाजला. मी दोन घंट्यांची वाट बघितली. तिसरी झाली, चौथी झाली. थांबेना. मी टेबलाशीच बसले होते, हाताच्या अंतरावर. तो थांबला, पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. मग साडेअकराला पुन्हा. दर वेळी शेवटपर्यंत वाजला. ऑफिसात त्या वेळी बुधाजी होते. म्हणाले, ‘मॅडम, फोन.’

मी म्हटलं, ‘राँग नंबर असतो. रोज येतो.’

मी साइटवर नव्हते, चारुता.

शुक्रवारी स्लॅब ओतला. पहिल्या ड्रॉइंगप्रमाणे बाल्कनीच्या वरच्या सळ्या दहा-दहा फुटांच्या कापून तयार पडल्या होत्या. चार फूट बाहेर, सहा आत. मी त्याच वापरल्या. संख्या वाढवली, लांबी नाही. सहा फूट बाहेर गेल्या आणि आत स्लॅबमध्ये उरल्या चारच. जेवढं बाहेर लोंबतं त्याच्या दीडपट आत धरायला हवं हे आपल्याला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं. तोंडी परीक्षेत मला तोच प्रश्न आला होता आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं. कागदावर मी सळ्या मोजत बसले आणि हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तू समोर असतीस तर एका नजरेत बघितलं असतंस. तुझा याच गोष्टीसाठी मला राग येतो.

तीन आठवड्यांनी टेकू काढले. बाल्कनी राहिली. मी खालून वर बघत बराच वेळ उभी होते, तुला मेल करायचं मनात वाक्य जुळवत होते. मग विटांचा कठडा चढला. चोवीस डिसेंबरला दुपारी रंभाबाई लग्नाच्या तांदळाची गोणी उन्हात पसरायला बाल्कनीत घेऊन गेल्या. गवंडी आत होता. तो सांगतो, आवाज मोठा झाला नाही. बाल्कनी दाराखाली दुमडली आणि त्या गोणीसकट खाली गेल्या.

डावा खुबा मोडला, मनगट मोडलं. खुब्यात सळी घातली आहे. डॉक्टर म्हणतात, काठी सुटेलच असं सांगता येत नाही. बाई पन्नाशीची आहे.

मी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. आधी जायचं धैर्य झालं नाही. बुधाजी दारातच उभे राहिले. ‘तुमी आता कशाला आलाव?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता व्हरांड्यात निघून गेले. दिपिका आईच्या उशाशी होती, तिने माझ्याकडे बघितलंच नाही. रंभाबाईंनी मात्र खुर्ची दाखवली.

‘बस, बाय.’

मी बसले. मग त्या म्हणाल्या, ‘तुला मी इचारला व्हता ना?’

‘हो.’

‘तू बोललीस हत्ती उभा ऱ्हाईल.’

‘हो.’

‘माजा वजन किती हाय, सांग बरं.’

आवाज चढवला नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठून आले. बाहेर रिक्षा मिळेना, तर मी जुन्या पनवेलपासून घरापर्यंत चालत आले आणि आल्या आल्या तुला त्या दोन ओळींची मेल केली, नणंदेच्या फोटोंची. म्हणजे त्या खुर्चीतून उठून आल्यावर माझ्या हातून पहिली गोष्ट झाली ती ही.

तुझी सीडीही डिसेंबरातच आली होती. तू दोन डिसेंबरला कुरियर केली होतीस, ‘मेलने पोचत नाहीये, म्हणून ही, ओतायच्या आत नक्की बघ.’ ती मी फोडली नव्हती. परवा फोडली. ड्रॉइंगचा मोठा प्रिंट काढला, जमिनीवर पसरला आणि दुपारभर त्याच्यापुढे बसले. सळ्या पंधरा फुटांच्या. नऊ फूट आत. शेजारी तुझी टीप: ‘अरू, जुन्या कापलेल्या सळ्या वापरू नकोस, त्या आता आखूड पडतील.’ म्हणजे फोनवर तुला हेच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं.

तुझं डिझाइन बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली.

आता मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. आज सकाळी मी चौकशीच्या अधिकाऱ्यांना भेटून नवा जबाब दिला. सहा फुटांचं वचन मी दिलं, पेटी मी रिकामी केली नाही, फोन मी उचलला नाही, सळ्या मी लावल्या. त्यांनी विचारलं, ‘आधी वेगळं का सांगितलंत?’ मी म्हटलं, ‘खोटं सांगितलं होतं.’ ते लेखनिकाकडे वळून म्हणाले, हे याच शब्दांत घ्या. परवाना जाईल. गुन्हा दाखल होणार आहे, वकील म्हणतो बहुतेक जामिनावर सुटेन. बाहेर आले तर आवारात बुधाजी बसले होते, त्यांना कोणीतरी बोलावलं होतं. मी त्यांनाही सांगितलं, त्या गुरुवारचा फोन राँग नंबर नव्हता. त्यांना आठवला. ते थुंकायला पलीकडे गेले आणि परत आले नाहीत. बाल्कनीच्या दाराच्या जागी त्यांनी भिंत घालून घेतली आहे.

तुझं निवेदन सोबत परत पाठवते आहे. ते मी कुठेही दाखवलेलं नाही. त्याची दुसरी प्रत तुझ्याकडे असेल तर ती फाडून टाक. माझ्यासाठी पुन्हा असं काही लिहू नकोस. तू माझी चूक आपल्या अंगावर घेतलीस की मला दिसतं, तुझ्याकडे वाटायला किती शिल्लक आहे. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट उरली आहे जी पूर्णपणे मी केली. ती तरी माझ्या नावावर राहू दे.

तुला वाटेल, मी हे सगळं कबूल केलं म्हणजे मन मोकळं झालं असेल आणि आता आपण पहिल्यासारख्या होऊ. तसं झालेलं नाही. फराळाच्या ताटाजवळ तू जे म्हणालीस त्याचा राग मला आजही तेवढाच आहे. फक्त त्या रागाने आता एक बाई लंगडी झाली आहे, म्हणून तो मोठ्याने सांगायची सोय राहिलेली नाही. हे वाचून पुन्हा ‘स्वतःला त्रास करून घेऊ नकोस’ असं लिहिशील तर ते पाकीट मी उघडणार नाही.

तू खरोखर रागाव. मी तुझं नाव अधिकाऱ्याला स्पेलिंगसकट दिलं, त्याबद्दल रागाव. तीन वेळा तू तिकडे रिसीव्हर धरून उभी होतीस आणि मी इथे घंट्या मोजत बसले होते, त्याबद्दल रागाव. दोन शब्द लिहिलेस तरी चालतील, पण ते गोड नसावेत.

कळावे. लोभ आता पुरे झाला.

अरुंधती